सही कोणाची, संमती कोणाची?

पक्षाघाताच्या झटक्याने घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाची वाचा जाते. समोरच्याचे बोलणे त्याला कळते, डोळ्यांत ओळख असते. मात्र शब्द ओठांवर येत नाहीत. अशा वेळी रुग्णालयात चाललेल्या एखाद्या संशोधनाचा कागद मुलापुढे ठेवला जातो आणि "इथे सही करा" असे सांगितले जाते. वडिलांना कोणीच विचारत नाही. आपल्या धर्मग्रामांतील कोणत्याही कुटुंबावर हा प्रसंग येऊ शकतो. म्हणून त्याचा विचार आधीच होणे आम्हांस अगत्याचे वाटते.

नाझी छळछावण्यांतील अमानुष प्रयोगांनंतर १९४७ साली न्यूरेंबर्ग संहितेने स्वेच्छेने दिलेली संमती ही पहिली अट ठरविली. अट योग्यच होती. परंतु तिचा शब्दशः अर्थ लावला, तर ज्यांना संमती देता येत नाही त्यांच्यासाठी संशोधनाचे दार कायमचे बंद होते. स्मृतिभ्रंशावरील उपचार त्याच रुग्णांना वगळून कसे तपासणार? म्हणून १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्याने कायदेशीर प्रतिनिधीच्या संमतीचा मार्ग ठेवला. २०२४ साली सुधारलेला जाहीरनामा आणखी पुढे जातो: दुर्बलांना सामावून घेण्यातील धोक्याबरोबरच त्यांना वगळल्याने होणारी हानीही तोलून पाहावी, असे तो सांगतो.

भारतात या विषयावर दोन कायदे महत्त्वाचे आहेत. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ६ नुसार दिव्यांग व्यक्तीवर संशोधन करण्यापूर्वी तिला समजेल अशा माध्यमातून तिची स्वतःची संमती घ्यावी लागते. शिवाय विशेष समितीची पूर्वपरवानगीही लागते. त्या समितीचे निम्मे तरी सभासद स्वतः दिव्यांग किंवा त्यांच्या नोंदणीकृत संघटनांचे असावेत, असे बंधन आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ चे कलम ९९ मात्र नामनिर्देशित प्रतिनिधीच्या संमतीला वाव देते, पण केव्हा? रुग्ण संमती देण्यास असमर्थ असावा, त्याचा विरोध नसावा, ते संशोधन संमती देऊ शकणाऱ्यांवर करणे अशक्य असावे आणि राज्य प्राधिकरणाची परवानगी मिळालेली असावी. दिलेली संमती केव्हाही मागे घेता येते.

या तरतुदींतील एक बारकावा आम्हांस मोलाचा वाटतो. बोलता न येणे म्हणजे निर्णय घेता न येणे नव्हे. २०१७ चा कायदा हावभाव व खाणाखुणांनी कळविलेला निर्णयही ग्राह्य मानतो. चित्रे, होय-नाहीचे कार्ड, सोपी वाक्ये आणि थोडा अधिक वेळ एवढ्या साधनांनी पुष्कळांचे मत कळू शकते. वेळ वाचावा म्हणून नातेवाइकाची सही घेणे ही सोय झाली, न्याय नव्हे. आणि सही न करणाऱ्या रुग्णानेही मान फिरविली, हात झटकला, तर तोही नकारच समजला पाहिजे.

ख्रिस्तसभेची भूमिकाही हीच आहे. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथातील परिच्छेद २२९५ म्हणतो की, व्यक्तीच्या अथवा तिच्या वतीने रास्तपणे बोलणाऱ्यांच्या माहितीपूर्ण संमतीवाचून केलेला प्रयोग मानवी प्रतिष्ठेस धरून नाही. त्याचबरोबर, जे कृत्य मुळातच प्रतिष्ठेविरुद्ध आहे, ते संमतीनेही योग्य ठरत नाही. प्रतिनिधी हा मालक नव्हे. तो विश्वस्त आहे. "मला काय वाटते?" हा त्याचा प्रश्न नसून "माझ्या वडिलांनी काय ठरविले असते?" हा आहे.

तेव्हा वाचकहो, असा कागद पुढे आला तर घाईने सही करू नका आणि घाबरून तो परतही करू नका. हा उपचार आहे की संशोधन, धोका किती, लाभ कोणाला, नैतिकता समितीची मान्यता आहे काय, नकार दिल्यास चालू उपचारांवर परिणाम होईल काय, हे विचारा. त्याहून आधी खाटेजवळ बसा, त्या माणसाचा हात हातात घ्या आणि प्रथम त्यालाच विचारा.