जुन्या पंचांगावर विमान उडवू नका!

हिंगोली जिल्ह्यातील नागरिकहो,

“आपल्या जिल्ह्यात विमानतळच नाही, मग ही उठाठेव कशाला?” असं कोणी विचारील. पण वसमतचा हळदीचा व्यापारी, कळमनुरीहून हजला निघालेलं जोडपं, सुट्टी संपवून सीमेवर परतणारा सेनगावचा जवान हे सगळे नांदेड, संभाजीनगर किंवा हैदराबादहून विमानात बसतातच. तिकिटाचे पूर्ण पैसे मोजतात. त्या पैशात सुरक्षाही आली आणि तिचा हिशेब मागण्याचा हक्कही आला.

हवेत इंजिन बंद पडलं, केबिनमधला दाब गेला किंवा एखादं उपकरण खोटं दाखवू लागलं, तर वैमानिक आधी विमान सावरतो, पाठ असलेल्या दोन-चार कृती करतो आणि मग ‘क्विक रेफरन्स हँडबुक’ उघडतो. कोणत्या बिघाडात काय करायचं, कोणत्या क्रमाने करायचं, त्याची ही यादी. मूळ यादी विमान बनवणारी कंपनी देते आणि अनुभव येईल तशा दुरुस्त्या पाठवते. त्या वेळेवर आपल्या पुस्तकात उतरवणं आणि वैमानिकांकडून घटवून घेणं हे विमान चालवणाऱ्या कंपनीचं काम. गेल्या सालच्या पंचांगावर आपण घरातल्या लग्नाचा मुहूर्त काढत नाही. मग शेकडो जीव जुन्या यादीवर का सोडायचे?

उड्डाणातल्या चुकांची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. १ जानेवारी १९७८ रोजी एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ हे जंबो विमान मुंबईहून दुबईला निघालं आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. २१३ जण गेले. विमान कोणत्या बाजूला कललं आहे हे दाखवणारं कॅप्टनसमोरचं उपकरण बिघडलं होतं. इतर उपकरणांच्या आधारे विमान सावरता आलं नाही, असं चौकशीत निघालं.

२० सप्टेंबर २०१८ रोजी जेट एअरवेजचं मुंबई–जयपूर विमान वर चढलं, पण केबिनला हवा पुरवणारे स्विच सुरूच केलेले नव्हते. दाब कमी झाला, मास्क खाली आले, तीसेक प्रवाशांच्या नाका-कानांतून रक्त आलं. यादीत ते स्विच होते. यादी नीट वाचली गेली नाही.

आणि २६ एप्रिल १९९३ मराठवाडा कसा विसरेल? तेव्हाच्या औरंगाबादेत उड्डाण घेणारं बोइंग धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं. ११८ पैकी ५५ जण दगावले. चौकशीत वैमानिकांची चूक निघाली, पण उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरची वाहनं न रोखणाऱ्या विमानतळ प्राधिकरणावरही ठपका आला.

यादीच अपुरी असेल तर चांगला वैमानिकही अडतो. जानेवारी २००९ मध्ये न्यूयॉर्कवर पक्षी आदळून एका एअरबसची दोन्ही इंजिनं गेली. त्या प्रसंगाची यादी खूप उंचावरच्या विमानासाठी लिहिलेली, आणि हे विमान जेमतेम तीन हजार फुटांवर. एक तृतीयांश यादी होईतो विमान हडसन नदीवर टेकलं. १५५ जण वाचले ते वैमानिकांच्या कौशल्यामुळे. बोइंग ७३७ मॅक्समध्ये विमानाचं नाक आपोआप खाली दाबणारी यंत्रणा बसवली, आणि वैमानिकांच्या पुस्तकात तिचा उल्लेखही केला नाही. पहिला अपघात झाल्यावरच ती जगाला कळली. दोन अपघातांत मिळून ३४६ माणसं गेली.

आता आमचा मुख्य मुद्दा. डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या विमान नियामकाने कळवलं होतं की, बोइंगच्या काही विमानांत इंधनाच्या स्विचचं लॉक सुटलेलं आढळलं आहे, तपासून घ्या. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला एअर इंडियाचं विमान कोसळून २६० जणांचा बळी गेला, आणि त्या अपघाताच्या प्राथमिक अहवालात कंपनीचा खुलासा छापून आला: सूचना सक्तीची नव्हती, म्हणून तपासणी केली नाही. त्या अहवालाने अपघाताचं कारण ठरवलेलं नाही. पुढे आपल्या विमानांचे स्विच तपासून दोष आढळला नाही, असंही कंपनीने सांगितलं. आम्ही कोणाला दोषी ठरवत नाही. पण जी तपासणी अहवालानंतर काही दिवसांत उरकली, ती आधीच्या साडेसहा वर्षांत का झाली नाही? आणि “सक्ती नव्हती” हे उत्तर कायद्याला चालतंच कसं?

“विमानप्रवास सगळ्यांत सुरक्षित आहे” असं आम्हाला ऐकवलं जातं. मान्य. तो सुरक्षित झाला तो प्रत्येक अपघातानंतर कोणीतरी यादी दुरुस्त केली म्हणून. ते काम ऐच्छिक ठेवलं की ही सुरक्षितता ओसरणार. आणि लक्ष ठेवणार कोण? देशाचा विमान नियामक असलेल्या डीजीसीएमधली जवळपास निम्मी मंजूर पदं रिकामी असल्याचं २०२५ मध्ये संसदेच्याच समितीने सांगितलं.

आमच्या मागण्या

१. सुरक्षेची सूचना ऐच्छिक असली तरी ठरलेल्या मुदतीत “तपासलं” किंवा “या कारणाने तपासलं नाही” असं लेखी उत्तर डीजीसीएला देणं प्रत्येक कंपनीला सक्तीचं करा.

२. कोणत्या विमानप्रकारासाठी यादीची कितवी, कोणत्या तारखेची आवृत्ती चालू आहे, ते कंपन्यांनी जाहीर करावं.

३. नांदेडसारख्या लहान विमानतळांवरही कॉकपिटमधल्या पुस्तकांची अचानक तपासणी करा.

४. कमी उंची, हाताशी थोडा वेळ आणि एकाच वेळी दोन बिघाड, अशा प्रसंगांचा सिम्युलेटरवर नियमित सराव घ्या.

५. आपली चूक स्वतःहून कळवणाऱ्या वैमानिकाला आणि तंत्रज्ञाला संरक्षण द्या.

६. डीजीसीएची रिकामी पदं भरा.

हिंगोलीच्या खासदारांनी पहिली मागणी येत्या अधिवेशनात प्रश्न म्हणून विचारावी. गावागावांतून त्यांना पत्रं जाऊ द्या. ग्रामसभेत ठराव घ्या, प्रत त्यांच्या कार्यालयात द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.

वाचा, आणि पुढच्या माणसाच्या हाती द्या.

— हिंगोली जिल्ह्यातील प्रवासी नागरिक