गाडी भंगार नाही, निदान भंगार आहे

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. गाड्यांची आवड नसली तरी शेवटपर्यंत वाचा, कारण शेवटी विषय तुमच्या ट्रॅक्टरवर येणार आहे.

परवा आपल्या तालुक्याच्या ग्रुपवर एकाने मेसेज टाकला, "पंधरा वर्षांच्या पुढच्या सगळ्या गाड्या भंगारात घाला. त्यातही त्या जुन्या जर्मन गाड्या आधी. मालक कर्जात आणि मेकॅनिक मजेत." खाली अंगठ्यांचा पाऊस. मी तेव्हा गप्प बसलो. आज बोलतो, कारण मी अशाच एका गाडीचा मालक आहे आणि मला पुण्यात सांगितलेला १ लाख ८४ हजारांचा खर्च दौंडच्या एका मिस्त्रीने ११,५०० रुपयांत मिटवलाय.

आधी कबुली देतो. गाडी २०११ ची, जर्मन, टर्बो पेट्रोल. मी तिचा तिसरा मालक. घेतली हौसेपोटी, आणि खोटं कशाला बोलू, थोडी मिरवायलाही.

दोन महिन्यांपूर्वी आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दौंडला घेऊन चाललो होतो. न्हावरा सोडून चौफुल्याच्या रस्त्याला लागलो आणि पारगावच्या पुलाच्या अलीकडे इंजिनची लाईट लागली. गाडी ओढेना. उभी केली की थरथरायची आणि बॉनेटमधून बारीक शिट्टी यायची. कशीबशी आईला पोचवलं, परत आणलं आणि दुसऱ्या दिवशी गाडी पुण्याच्या मोठ्या सर्व्हिस सेंटरला नेली. नाव घेत नाही, कारण एकाचं नाव घेतलं की बाकीचे सुटतात.

त्यांनी कॉम्प्युटर लावला. कोड आला पी-०१७१, म्हणजे इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. संध्याकाळी यादी हातात आली. चार इंजेक्टर, हाय प्रेशर पंप, कॉइल, प्लग, थ्रॉटल बॉडी. मी विचारलं, एवढं सगळं बदलल्यावर गाडी नक्की नीट होईल का? पोरगा चांगला होता, खरं बोलला. "सर, बदलून बघू. तसं गाडीचं वयही झालंय. आपल्याकडे एक्सचेंज ऑफर चालू आहे."

बदलून बघू! डॉक्टर म्हणाला, ताप आहे, आधी किडनी बदलून बघू, तर तुम्ही काय कराल?

गाडी परत आणली आणि दौंडला मामांकडे नेली. मामा म्हणजे नात्याने नव्हे, सगळा गाव त्यांना मामाच म्हणतो. नाव लिहू नको म्हणाले, म्हणून लिहीत नाही. त्यांनीही स्कॅनर लावला, पण कोड वाचून थांबले नाहीत. चालू इंजिनचे आकडे बघत बसले. मला म्हणाले, "दादा, हे बघा. गाडी उभी असताना कॉम्प्युटर वीस टक्क्यांच्या वर जास्तीचं पेट्रोल सोडतोय. आता रेस देतो. अडीच हजार आरपीएमला तोच आकडा चार-पाचवर आला. म्हणजे पेट्रोल कमी नाही पडत, कुठून तरी चोरून हवा येतीय. इंजिन जोरात हवा ओढायला लागलं की चोरीची हवा त्यात हरवून जाते, म्हणून आकडा खाली येतो. पंप किंवा इंजेक्टर गेला असता तर जोर दिल्यावर आकडा वाढला असता."

मग त्यांनी ऑइलची डिपस्टिक बोटभर वर ओढली. शिट्टी बंद! इंजिनचा आवाज बदलला. "झालं," म्हणाले, "पीसीव्ही व्हॉल्व्हचा पडदा फाटलाय." इंजिनच्या पोटातला धूर परत ओढून घेणारा तो व्हॉल्व्ह. आत तळहाताएवढासुद्धा नसलेला रबरी पडदा. चौदा वर्षं उष्णता खाऊन तो फाटला. पार्ट साडेनऊ हजार, मजुरी दोन हजार. यादीतला एकही पार्ट बदलावा लागला नाही.

आता मुद्द्यावर येतो.

"जर्मन गाडी आपल्याकडे टिकत नाही" हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. अहो, आपण जर्मन इंजिनावरच लहानाचे मोठे झालोय! शिरूर-न्हावरा, दौंड-पाटस, केडगाव-चौफुला या रस्त्यांवर वडापच्या ज्या टेम्पो ट्रॅक्स धावायच्या, त्यांच्या बॉनेटखाली काय होतं? मर्सिडीजचं ओएम-६१६, २.४ लिटरचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन. जर्मनीत ते मर्सिडीज २४० डी मध्ये बसायचं. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने ऐंशीच्या दशकात त्याचं लायसन घेतलं. नऊ जणांच्या गाडीत पंधरा जण, टपावर कोथिंबिरीची पोती, वर दोघे लटकलेले, असं ते इंजिन वर्षानुवर्षं चाललं. कसं टिकलं? कारण ते प्रत्येक नाक्यावरच्या मिस्त्रीला उघडता यायचं. पार्ट दुकानात मिळायचे. माहिती कुणाच्या बापाच्या कुलपात नव्हती. मामा शिकले ते याच ट्रॅक्सवर.

म्हणजे फरक जर्मन असण्यात नाही आणि वयातही नाही. फरक कुलपाचा आहे.

आज मामांना अडतं कुठे, तर हाताच्या कसबात नव्हे. नवा कंट्रोल युनिट बसवला की त्याचं कोडिंग कंपनीच्या सर्व्हरवरून करावं लागतं. बीएमडब्ल्यूत तर साधी बॅटरी बदलली तरी गाडीला कॉम्प्युटरमधून सांगावं लागतं, नाहीतर ती जुनी समजूनच चार्ज करत राहते. वायरिंगचा नकाशा, दुरुस्तीची पद्धत, बोल्टला किती जोर द्यायचा त्याचा आकडा, सगळं लॉगिनच्या मागे. आणि लॉगिन अधिकृत सेंटरलाच. मामांचा मुलगा हाताने हुशार आहे, पण रांजणगाव एमआयडीसीत कंपनीत लागला. म्हणतो, "कुलपं उघडायला यूट्यूब बघत बसण्यापेक्षा पगार बरा." त्याला कोणत्या तोंडाने चूक म्हणू?

कुणी म्हणेल, कंपनीचा माल, कंपनीची मर्जी. तसं नाहीये. २५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला होता. कारण हेच. सुटे भाग आणि निदानाची साधनं स्वतंत्र गॅरेजला मिळू देत नाहीत म्हणून. यादीत बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, फोक्सवॅगन, स्कोडा होत्याच, पण टाटा, मारुती, महिंद्राही होत्या. मूळ तक्रार एका सामान्य माणसाची आणि तीन कंपन्यांविरुद्ध. त्यातली फियाट आपल्या रांजणगावची, फोक्सवॅगन शेजारच्या चाकणची. आयोगाने सांगितलं होतं की पार्ट आणि साधनं खुल्या बाजारात द्या आणि बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नका. पुढे कंपन्या अपिलात गेल्या. दहा वर्षं उलटून गेली. आपल्या नाक्यावरच्या गॅरेजपर्यंत काय पोचलं? काही नाही.

आणि ह्याच कंपन्या त्यांच्या घरी कशा वागतात? युरोपात २००७ च्या कायद्यापासून दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजला द्यावीच लागते. जर्मनीतल्या खेड्यातला मिस्त्री फी भरतो आणि तीच माहिती बघतो. मग दौंडच्या मिस्त्रीने काय घोडं मारलंय? गाडी तीच, कंपनी तीच, फक्त गिऱ्हाईक गरीब देशातलं.

सरकारचं काय, तर सरकार वयाला दंड लावतंय. कारच्या नोंदणी नूतनीकरणाची फी २०२२ पर्यंत ६०० रुपये होती, ती ५ हजार झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारसाठी १० हजार केली. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. धूर सोडणारी गाडी रस्त्यावर नको, याला माझा शंभर टक्के पाठिंबा आहे. पण मग धूर मोजा ना! ब्रेक तपासा, चेसिसला गंज किती तो बघा. जर्मनीत खासगी गाडी साधारण दर दोन वर्षांनी कडक तपासणीला जाते. पास झाली तर चालवा, नापास झाली तर उभी करा. वय कुणी विचारत नाही. आपल्याकडे पाच वर्षांची, फिल्टर काढून टाकलेली, काळा धूर ओकणारी गाडी मोकाट आणि वीस वर्षांची नीट राखलेली गाडी गुन्हेगार.

आता थोडं आपल्याकडेही बघू. सगळा दोष कंपनीचा आणि सरकारचा म्हटलं की आपण मोकळे, तसं नको. जमिनीचे पैसे आले की पाच-सहा लाखांत मुंबईची जुनी बीएमडब्ल्यू आणायची, मिरवणुकीत पुढे लावायची आणि ऑइल बदलायची वेळ आली की "कुठलंही टाक रे" म्हणायचं, हे आपलंच काम आहे. नवी असताना चाळीस-पन्नास लाखांची असलेली गाडी पाच लाखांत मिळाली, म्हणून तिचे पार्ट पाच लाखांच्या गाडीचे होत नाहीत. ज्याने घेतलीय त्याने एवढं तरी पाळा.

ऑइलच्या डब्यावर ब्रँड नका बघू, पाठीमागचा कोड बघा. फोक्सवॅगन ५०२ ००, बीएमडब्ल्यू एलएल-०१, मर्सिडीज २२९.५, तुमच्या पुस्तकात जो असेल तो. पुस्तकात १५ हजार किलोमीटर लिहिलं असलं तरी आपल्या धुळीत आणि उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगत चालवताना आठ हजारांच्या आत बदला. कूलंटमध्ये बोअरचं पाणी घालू नका. आपल्या बोअरला क्षार किती आहेत ते घरातल्या गीझरला विचारा. प्लास्टिकचे थर्मोस्टॅट आणि रबरी पाइप दहा वर्षांनंतर फुटायची वाट न बघता बदला. आणि "गिअरबॉक्सचं ऑइल लाइफटाइम असतं" या वाक्याला फसू नका. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः सांगते की ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी ते बदला. लाइफटाइम कुणाचं, गाडीचं की वॉरंटीचं?

आता इथे काही जण चिडणार, तरी बोलतो. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. मी उसवाला आहे, कारखान्याला इथेनॉलचे पैसे मिळाले तर माझं बिल निघतं, मला कळतं. पण ई-२० ला चालेल अशा सामानाच्या गाड्या एप्रिल २०२३ पासून यायला लागल्या. त्याआधीच्या गाडीवाल्याला पंपावर कमी मिश्रणाचं पेट्रोल परवडेल अशा दरात मिळायला नको का? माझा पडदा इथेनॉलने फाटला असं मी म्हणत नाही, तो वयाने फाटला. मागणी फक्त निवडीची आहे. शेतकऱ्याचा फायदा आणि गाडीवाल्याचा हक्क यांची भांडणं लावू नका.

आणि आता ट्रॅक्टर.

तुम्ही म्हणाल, चार हौशी लोकांच्या गाड्या, आम्हाला काय त्याचं? जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरला प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले. त्यामुळे त्यांतही कॉमन रेल आलं, सेन्सर आले, कंट्रोल युनिट आलं. प्रदूषणासाठी ते बरोबरच आहे. पण उद्या ऐन तोडणीत ट्रॅक्टरची लाईट लागेल, ओढ जाईल, गावातला मिस्त्री म्हणेल, "माझ्याकडे लॉगिन नाही," आणि कंपनीचा माणूस म्हणेल, "चार दिवसांनी येतो, तोवर चालवू नका." तेव्हा आज माझ्या जुन्या गाडीवर हसणाऱ्यांना ही पोस्ट आठवेल. केंद्राच्या ग्राहक खात्याने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टल काढलं. त्यात गाड्याही आहेत आणि शेतीची यंत्रंही आहेत. पोर्टल आहे, कायदा नाही. पोर्टलने कुलूप उघडत नाही.

म्हणून शिरूर आणि बारामती, दोन्ही मतदारसंघांच्या खासदारांकडे माझ्या तीन मागण्या आहेत. कोण कुठल्या पक्षाचा, त्याच्याशी मला देणंघेणं नाही.

एक, दुरुस्तीची माहिती, कोडिंग आणि पार्ट रास्त फी घेऊन प्रत्येक नोंदणीकृत गॅरेजला द्यायचा कायदा करा.
दोन, गाडीचं वय नको, अवस्था तपासा. जी पास होईल तिला दंडासारखी फी लावू नका.
तीन, शिरूर आणि दौंडच्या आयटीआयमध्ये गाडीच्या इलेक्ट्रॉनिक निदानाचा खरा कोर्स सुरू करा आणि शिकवायला मामांसारख्या माणसांना बोलवा, सर्टिफिकेट न विचारता.

गेल्या आठवड्यात आईला पुन्हा दौंडला नेलं, तपासणीला. पारगावच्या पुलावर ती म्हणाली, "शिट्टी नाही वाजत आता." परत येताना मामांच्या गॅरेजवर थांबलो. एक नवी गाडी उभी होती, बॉनेट उघडं, स्कॅनरवर पासवर्डची पाटी. मामा स्टुलावर बसून तिच्याकडे बघत होते. म्हणाले, "दादा, ह्याला झालंय काय ते मला माहितीय. हात लावू देत नाहीत."

पटलं तर शेअर करा, खासदारांना टॅग करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण "भंगारात घाला" एवढंच लिहून जाऊ नका. आधी डिपस्टिक ओढून बघा.