कोसंबींचे नाव आणि कंत्राटी प्राध्यापक

गोवा विद्यापीठाने सामाजिक शास्त्रांच्या संकुलाला डी. डी. कोसंबी यांचे, तर भाषा व साहित्याच्या संकुलाला शणै गोंयबाब यांचे नाव दिले आहे. दोन्ही नावे यथोचित आहेत. मात्र त्या नावांना शोभेल असा प्राध्यापकवर्ग उभा करण्याची घाई सरकार वा विद्यापीठ यांपैकी कोणालाही दिसत नाही. नियमित पद रिक्त झाले की कंत्राटी सहाय्यक प्राध्यापकाची जाहिरात निघते. सत्र संपते, पुन्हा मुलाखती होतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार कंत्राटी नेमणुका एकूण पदांच्या दहा टक्क्यांपलीकडे जाता कामा नयेत. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने प्रसिद्ध केलेल्या नव्या मसुद्यातून मात्र ही मर्यादा वगळण्यात आली. अपवाद म्हणून स्वीकारलेली व्यवस्था हाच नियम होण्याचा धोका त्यात आहे.

प्रश्न केवळ वेतनाचा नाही. गोव्याच्या पुराभिलेखागारात पोर्तुगीज दफ्तरांसोबत मोडी व गोयकानडी लिपीतील कागदपत्रे आहेत. ती वाचू शकणारा अभ्यासक घडायला वर्षे लागतात आणि त्याने शिष्य घडवायला आणखी काही वर्षे. मांडवी-झुआरीच्या खाड्यांतील पाण्याचा वा खाणपट्ट्यातील मातीचा अभ्यास सलग नोंदींवरच उभा राहतो. पुढील जूनमध्ये आपण येथे असू की नाही हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने पीएच.डी.चे विद्यार्थी कोणत्या भरवशावर घ्यावेत?

त्यातच २०२३-२४ पासून राज्यात चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम लागू झाला. चौथ्या वर्षी संशोधनाची वाट खुली होते, म्हणजे मार्गदर्शकांची गरज वाढते. अशा वेळी आपली सार्वजनिक चर्चा पंधरा वर्षांच्या रहिवासाची अट असावी की नसावी, याच वादाभोवती घुटमळते. स्थानिकांना संधी मिळालीच पाहिजे; परंतु पदच भरले जात नसेल, तर त्या अटीचा लाभ गोमंतकीय उमेदवारालाही होत नाही. नेट उत्तीर्ण झालेली, पीएच.डी. मिळवलेली येथील मुले वर्षानुवर्षे तासिकांवर राबतात, ती याच कारणाने.

उपाय अवघड नाही. प्राध्यापकाच्या निवृत्तीची तारीख त्याच्या नेमणुकीच्या दिवशीच ठाऊक असते. भरतीची प्रक्रिया तिच्या वर्षभर आधी सुरू करता येते. प्रत्येक संकुलात मंजूर पदे किती, भरलेली किती आणि कंत्राटी किती, याचा तक्ता विद्यापीठाने दरवर्षी जाहीर करावा. आमदारांनी विधानसभेत तोच मागावा आणि वित्त खात्याने मंजुरीच्या फायली अडवून धरू नयेत.

कोसंबी मूळचे गणिती. तेथून ते नाणकशास्त्राकडे, भर्तृहरीच्या सुभाषितांच्या चिकित्सक आवृत्तीकडे आणि पुढे प्राचीन भारताच्या इतिहासाकडे वळले. सत्रागणिक मुदत मोजत ही वाटचाल झाली नसती. १९६२ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने त्यांच्या कराराचे नूतनीकरण केले नाही. त्यांचे नाव मिरवणाऱ्या संकुलाने तरी कराराच्या टांगत्या तलवारीखाली विद्वान घडतील, अशी अपेक्षा धरू नये.