शासकीय भूमाहितीतील मुक्तस्रोत प्रणाली व खुली मानके : नरडाणा परिसर

नरडाणा हे धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातील गाव सुरत–भुसावळ लोहमार्गावर व मुंबई–आग्रा महामार्गावर वसले आहे. येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे औद्योगिक क्षेत्र आहे. धुळे–नरडाणा या नव्या लोहमार्गाची पायाभरणी फेब्रुवारी २०१९ मध्ये झाली. साहजिकच येथील एकाच जमिनीचे नकाशे भूमी अभिलेख, महामंडळ, रेल्वे, महामार्ग अशा अनेक खात्यांना लागतात. एका खात्याचा नकाशा दुसऱ्याच्या नकाशावर नेमका बसला नाही, तर भूसंपादनात कोणत्या गटाचे किती क्षेत्र जाते याविषयी वाद उद्भवतात. म्हणूनच मुक्तस्रोत प्रणाली (जिची मूळ आज्ञावली कोणालाही तपासता व बदलता येते) आणि खुली मानके (जी कोणीही स्वामित्वशुल्क न देता वापरू शकतो) हा विषय येथे केवळ संगणकतज्ज्ञांचा राहत नाही.

पूर्वपीठिका

खुल्या मानकाची कल्पना जमीनमोजणीस नवी नाही. मोजणीची साखळी ३३ फुटांची व १६ आण्यांची. एक साखळी लांब व तितकेच रुंद क्षेत्र म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. हे माप कोणाच्या मालकीचे नव्हते, त्यामुळे मोजणीदाराचा हिशेब शेतकऱ्यालाही पडताळता येई. संगणकीकरणानंतर विशिष्ट कंपनीची परवानाधारक प्रणाली असल्याशिवाय नकाशाची फाईल उघडेनाशी झाली, की ही पडताळणी संपते.

धोरणे

केंद्र शासनाने २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले. २०१५ च्या मुक्तस्रोत धोरणानुसार अशी प्रणाली न सुचवणाऱ्या पुरवठादाराने त्याचे कारण देणे आवश्यक ठरले. मात्र हे धोरण स्वीकारणे राज्यांच्या इच्छेवर सोडले गेले. जमिनीच्या नोंदी राज्यांच्या अखत्यारीत असल्याने ही सवलत किरकोळ म्हणता येत नाही. २०२२ च्या राष्ट्रीय भू-अवकाशीय धोरणानेही खुल्या मानकांचा पुरस्कार केला.

प्रत्यक्ष वापर

गटांचे नकाशे हाताळणारी 'भूनक्षा' ही प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने मुक्तस्रोत साधनांवरच उभारली आहे. खानदेशातील अधिक बोलके उदाहरण कृषी क्षेत्रातील आहे. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेने 'क्यूजीआयएस' या मुक्तस्रोत नकाशा प्रणालीस जोडता येईल असे पाण्याच्या ताळेबंदाचे साधन तयार केले. पाऊस, मातीचा प्रकार, उतार व पीक यांवरून किती पाणी वाहून गेले, किती मुरले आणि पिकास किती कमी पडले, याचा अंदाज ते देते. प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात जळगाव जिल्हा होता, धुळे नव्हता. तथापि साधन मुक्त असल्याने, आवश्यक माहिती हाती असेल तर शिंदखेडा तालुक्यातील महाविद्यालयासही तोच हिशेब मांडता येतो. माहिती मिळवणे हीच खरी अडचण ठरते.

देवनागरीचा प्रश्न

शासकीय देवाणघेवाणीत 'शेपफाईल' हे जुने स्वरूप अजूनही रूढ आहे. त्यात रकान्याच्या शीर्षकास केवळ १० बाइट मिळतात, तर युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, कानामात्राही, ३ बाइट घेते. परिणामी 'गाव' हे शीर्षक बसते, 'तालुका' बसत नाही. मग शीर्षके इंग्रजीत जातात, पाठोपाठ गावांची नावेही, आणि दोन खात्यांनी एकाच गावाचे स्पेलिंग वेगळे केले की तक्ते जुळत नाहीत. २०१४ मध्ये मान्य झालेल्या 'जिओपॅकेज' या खुल्या मानकात ही अडचण नाही.

मर्यादा

प्रणाली मुक्त असली म्हणजे माहितीही मुक्त झाली, असे होत नाही. राज्याच्या 'महाभूनकाशा' संकेतस्थळावर गटाचा नकाशा पाहता येतो, अहवालही छापता येतो. पण सीमारेषांची मूळ फाईल सामान्य नागरिकास उतरवून घेता येत नाही. त्यामुळे प्रस्तावित लोहमार्गाची आखणी आपल्या गटावर ठेवून पाहू इच्छिणाऱ्या शेतकऱ्यास छापील कागदावरच विसंबावे लागते.

२०२१ पासून देण्यात येणारा १४ अंक-अक्षरांचा 'भू-आधार' क्रमांक भूखंडाच्या कोपऱ्यांच्या अक्षांश-रेखांशांवरून ठरतो व आंतरराष्ट्रीय खुल्या मानकांस अनुसरतो. गावाचे जुने नकाशे अक्षांश-रेखांशांशिवाय काढलेले असल्याने ते आधी पृथ्वीवरील प्रत्यक्ष स्थानाशी जोडावे लागतात, आणि या जोडणीत राहिलेली चूक त्या क्रमांकातही उतरते.