आधी डाळ, मग डबा

नागपूरलगतचं बेसा आता गाव राहिलेलं नाही. मनीषनगरकडून बेसा चौकाकडे यावं तर रस्त्याला लागून फ्लॅट स्कीम आणि त्यांच्या तळमजल्यावर जिम, मेडिकल, पावडरच्या डब्यांची दुकानं. हिवाळ्यात त्याच भागात हातगाड्यांवर तुरीच्या ओल्या शेंगा, मेथी, सांबार, आवळे, बोरं यांचे ढीग लागतात. डबा सांगेल त्या भावात घेतला जातो आणि शेंगांसाठी दहा रुपयांची घासाघीस होते. घरच्या जेवणात आता दम नाही, पोषण वेगळं विकत घ्यावं लागतं, अशी समजूत यामागे आहे. ती चुकीची आहे. शिवाय महाग आहे आणि काहींच्या बाबतीत धोक्याचीही आहे.

या समजुतीच्या बाजूने पहिला मुद्दा येतो तो मातीचा. रासायनिक खतांनी मातीतला कस गेला, म्हणून अन्नात सत्त्व उरलं नाही, म्हणून गोळ्या घ्या. यात खरं तेवढं मान्य करू. महाराष्ट्रातल्या बऱ्याच जमिनींत जस्त कमी आहे. पण तुरीच्या डाळीत आजही 100 ग्रॅममागे 21-22 ग्रॅम प्रथिनं आहेत. तिळात कॅल्शियम आहे, आवळ्यात क जीवनसत्त्व आहे. सत्त्व डाळीतून गेलेलं नाही, डाळच वरणातून गेली आहे.

आपलं रोजचं वरण पाहा. चार माणसांसाठी अर्धी वाटी डाळ शिजते, फार तर 80 ग्रॅम. तिच्यात पाणी घालून पातेलं भरतं. माणशी 20 ग्रॅम डाळ, म्हणजे चार-साडेचार ग्रॅम प्रथिनं. दोन्ही वेळा वरण-भात खाल्ला तरी डाळीतून नऊच्या पुढे आकडा जात नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली नवी आहार मार्गदर्शिका काढली. तिच्यात 2000 कॅलरींच्या दिवसभराच्या ताटात सुमारे 85 ग्रॅम डाळी-कडधान्यं, 250 ग्रॅम धान्य, 300 मिलिलिटर दूध किंवा दही आणि 35 ग्रॅम तेलबिया-सुकामेवा सांगितला आहे. मांसाहारी माणसाला डाळीचा काही वाटा अंडी-मटणातून घेता येतो. या ताटाचा हिशेब केला तर डाळीतून 18, धान्यातून 25, दुधातून 9 आणि शेंगदाण्या-तिळातून 8, अशी 60 ग्रॅम प्रथिनं होतात. निरोगी प्रौढाला वजनाच्या किलोमागे 0.83 ग्रॅम लागतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 50. भाज्या मी धरलेल्याही नाहीत. ज्या घरात 20 ग्रॅम डाळ शिजते तिथे प्रथिनं कमी पडतात हे खरंच आहे, पण ती भरून काढायला वरण घट्ट करणं, संध्याकाळी मूठभर फुटाणे, आठवड्यातून दोनदा सोयाबीनच्या वड्या एवढं पुरतं. सोयावडीच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 50 ग्रॅम प्रथिनं असतात आणि किलोला दोन-तीन हजार मोजून घेतलेल्या पावडरीच्या मानाने ती कितीतरी स्वस्त पडते. शरीर कमावण्यासाठी प्रथिनांची पावडर टाळा, असं याच मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलं आहे. जिममधल्या पोरांना ते कुणी वाचून दाखवत नाही.

लहान मुलांच्या चॉकलेटी पावडरींचा प्रश्न तर फार बोलण्यासारखाही नाही. एप्रिल 2024 मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या वर्गातून काढायला सांगितलं. ज्या डब्यात साखरेचा वाटा मोठा, तो उंचीसाठी म्हणून पोराला द्यायचा आणि शेंगदाणा-गुळाचा लाडू जुनाट म्हणून बाजूला सारायचा, हे आईबापांनी थांबवायला हवं.

दुसरा मुद्दा मला जास्त सतावतो: 'फायदा नाही झाला तर नाही, गोळीने नुकसान तर होत नाही ना?' होतं. अ आणि ड जीवनसत्त्व मेदात विरघळतात आणि शरीरात साठतात. ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटांची पुडी डॉक्टर बहुधा आठवड्याला एक, तीही ठरावीक आठवडे देतात. कुणीतरी सांगितलं म्हणून ती रोज घेतली, महिनोन्‌महिने चालू ठेवली, तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर येतं. आणखी बारीक धोका पुण्यात दिसला. केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि त्यांची मुलं यांचा पाठपुरावा केला. बऱ्याच मातांमध्ये बी-12 कमी होतं. ज्या मातांचं फोलेट भरपूर आणि बी-12 कमी, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त आढळली. गरोदरपणी फोलिक आम्ल घेऊ नये, असा याचा अर्थ मुळीच नाही, ते घ्यायलाच हवं. पण बी-12 कडे न पाहता गोळ्या घेत सुटणं बरं नव्हे, एवढं यातून कळतं.

आता दुसऱ्या टोकाच्या लोकांशी. 'आपल्या पूर्वजांनी कुठे गोळ्या खाल्ल्या? जवसाची चटणी, ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी यात सगळं आलं,' असं अभिमानाने सांगणारे इथे घरोघरी आहेत. मलाही ती चटणी प्रिय आहे, आणि जवस भाजून कुटून खाल्ला तर चमचाभरातून ओमेगा-3 मिळतं हेही खरं. पण ते ज्या रूपात मिळतं, त्यातला थोडासाच भाग शरीर माशातल्या ओमेगा-3 मध्ये बदलू शकतं. बी-12 तर जवसात, भाकरीत, अंबाडीत कशातच नाही. ते दूध, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळतं. पूर्वजांचा दाखला देताना स्वातंत्र्याच्या सुमारास देशातलं सरासरी आयुर्मान 32 वर्षांच्या आसपास होतं हेही लक्षात ठेवावं. आणि पूर्व विदर्भाच्या लाखोळी डाळीचं काय? मध्य भारतात दुष्काळात जिथे जिथे ती पोटभर, तीच ती खावी लागली, तिथे माणसांचे पाय लुळे पडले. म्हणून 1961 साली तिच्या विक्रीवर बंदी आली, आणि महाराष्ट्राने ती 2008 साली उठवली. परंपरेतलं अन्नसुद्धा प्रमाण आणि विविधता सांभाळूनच खावं लागतं.

तेव्हा माझा पक्ष असा. आधी ताट मोजा: डाळ किती, हिरवी भाजी किती, दूध-दही किती. उणीव दिसली तर ती इथल्याच अन्नाने भरा. हिवाळ्यात सोलेभात करा, बरबटीच्या शेंगा आणा, पालेभाजीवर लिंबू पिळा. क जीवनसत्त्वाने भाजीतलं लोह अंगी लागतं आणि जेवणावर लगेच घेतलेल्या चहाने ते वाया जातं. जी उणीव अन्नाने भरणार नाही, तिच्यासाठी तपासणी करून नेमकी गोळी घ्या आणि ती घेताना लाजू नका. दूधही न घेणाऱ्या शाकाहारी माणसाला बी-12 बाहेरूनच घ्यावं लागतं. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्या आजी-आजोबांचं बी-12 तपासायला हवं, कारण त्या औषधाने ते कमी होतं. ही तपासणी डबा विकणाऱ्याच्या शिबिरात मात्र करू नका. पूरक आहाराच्या डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापणं कायद्याने बंधनकारक आहे. शिबिरात तोंडी काय सांगितलं जातं ते या ओळीशी ताडून पाहावं.

आणि ज्या गोळीची खरी गरज सर्वांत जास्त बायकांना आहे, ती फुकट मिळते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयोगटातल्या 54.2 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या सर्वेक्षणात हा आकडा 48 होता. गरोदर बाईला 180 दिवस रोज घ्यायची लोह-फोलिक आम्लाची लाल गोळी सरकारी केंद्रातून मिळते, शाळेतल्या मोठ्या मुलींना आठवड्याला एक निळी. 'सरकारी आहे', 'मळमळतं', 'शौच काळं होतं' म्हणून ती कपाटात पडून राहते. शौच काळं होणं हा लोहाचा साधा परिणाम आहे, त्याला घाबरायचं कारण नाही. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या, पाण्यात लिंबू पिळा, चहा-दूध आणि कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तास लांब ठेवा. तरीही त्रास झाला तर आशाताईंना विचारा, पण बंद करू नका.