रहदारी कुठली भरलीत?

कोपर स्थानक दुमजली आहे. खाली मध्य रेल्वेच्या धिम्या लोकल, वर दिवा–वसई मार्ग. वरच्या फलाटाला मेमू लागली की जिन्यावर पाय ठेवायला जागा उरत नाही आणि खालची लोकल गाठायची असलेल्यांची घालमेल सुरू होते. थोड्या वेळाने त्याच जिन्यावर चिटपाखरू नसतं. तासाला सरासरी किती माणसं उतरतात, असा हिशेब मांडला तर हा जिना ऐसपैस ठरेल. मेमूतून उतरणाऱ्याला तो हिशेब दाखवून बघावा!

अभियांत्रिकीच्या ‘नेटवर्क ऑन चिप’वरच्या पुष्कळ प्रकल्पांत हाच हिशेब चालतो. एका चिपवर अनेक कोअर आले, तेव्हा एका सामायिक बसवर सगळ्यांचं भागेना. तारा ओढत बसण्यापेक्षा चिपच्या आतच पॅकेटं धाडा, असं विल्यम डॅली आणि ब्रायन टोल्स यांनी २००१ मध्ये सुचवलं. २००७ मध्ये इंटेलने ८० कोअरची प्रायोगिक चिप दाखवली. तिच्यात प्रत्येक कोअरला स्वतःचा राउटर होता. असं जाळं सिलिकॉनवर उतरवण्याआधी बुकसिम, गार्नेट अशा सिम्युलेटरवर चालवून पाहतात. दोन्ही फुकट मिळतात आणि साध्या लॅपटॉपवर चालतात. केंद्राच्या ७६ हजार कोटींच्या सेमीकंडक्टर योजनेतली दमडीही त्यासाठी लागत नाही.

मेख अशी की सिम्युलेटरला रहदारी आपणच पुरवायची. सर्वांत सोपी ‘युनिफॉर्म रँडम’: कुठल्याही कोअरने कुणालाही, सारख्याच शक्यतेने पॅकेट धाडायचं. आठ बाय आठच्या जाळीत मग सरासरी सव्वापाच टप्पे पडतात, आलेख गुळगुळीत येतो आणि विलंब अमुक टक्के घटल्याचं छातीठोकपणे लिहिता येतं. खऱ्या प्रोग्रॅममध्ये मात्र बरेच कोअर एकदमच मेमरी कंट्रोलरकडे धाव घेतात. त्याच्या तोंडचा राउटर तुंबतो. त्याचे बफर भरले की मागचा थांबतो, मग त्याच्या मागचा. आणि ज्यांचं मेमरीशी काही देणंघेणं नाही, अशी पॅकेटंही त्या रांगेत अडकून पडतात. बाकीची जाळी तेव्हा मोकळीच असते, त्यामुळे एकूण वापराची सरासरी बघणाऱ्याला सारं आलबेल वाटतं.

तोंडी परीक्षेत म्हणूनच पहिला प्रश्न रहदारीचा असावा. लगेच दुसरा: शंभरातलं सर्वांत रखडलेलं पॅकेट किती सायकल अडकलं? सरासरी आकडा त्यानंतर ऐकू. जेम-फाइव्ह या अख्ख्या संगणकाच्या सिम्युलेटरला गार्नेट जोडून खरा प्रोग्रॅम चालवण्याची सोय आहे. पण एकेका चाचणीला रात्र जाऊ शकते आणि सबमिशनच्या आठवड्यात तेवढी रात्र कुणाकडे नसते. विद्यार्थ्यांना त्यावरून बोल लावण्याआधी विभागप्रमुखांनी ती तारीख पंधरा दिवस पुढे ढकलावी.