कार्डावरची एकच रेघ

१ ऑक्टोबरचा राष्ट्रीय स्वेच्छा रक्तदान दिन हा चंदीगडच्या डॉ. जयगोपाल जॉली यांचा जन्मदिवस. रक्तसंक्रमणशास्त्र भारतात रुजवणाऱ्या डॉ. जॉलींनी तिथल्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेतल्या सहकाऱ्यांसह १९९० मध्ये थॅलेसेमियाच्या रुग्णांना रक्तातून होणाऱ्या मलेरियावर निबंध प्रसिद्ध केला. दर दोन-चार आठवड्यांनी रक्त घ्यावे लागणाऱ्या मुलांमागचा हा धोका अजून टळलेला नाही, ना चंदीगडमध्ये ना नागपुरात.

प्रत्येक पिशवीची मलेरियासाठी तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. ती आपण रक्तपेढ्यांत बहुतेक ठिकाणी रक्ताच्या स्मिअरवर किंवा रॅपिड कार्डावर करतो. पण हे कार्ड तापाने फणफणलेल्या रुग्णासाठी बनलेले आहे. मायक्रोलिटरमागे साधारण १०० ते २०० परजीवी असले तरच त्यावर नियंत्रणाच्या रेघेशेजारी चाचणीची रेघ उमटते. जाड स्मिअरमध्ये निष्णात डोळ्याला त्याहून कमीही सापडतात. आता हिशेब करा. मायक्रोलिटरमागे एकच परजीवी धरला तरी ३५० मिलिलिटरच्या पिशवीत साडेतीन लाख होतात. गडचिरोलीसारख्या भागात वारंवार हिवताप होऊन गेलेला प्रौढ माणूस एवढे परजीवी अंगात घेऊन, कणकणही नसताना शिबिरात येऊ शकतो. रक्तपेढीच्या फ्रीजमध्ये ४ अंशांनाही ते आठवडाभर तग धरतात.

कार्डावर नियंत्रणाची एकच रेघ आली म्हणजे पिशवी निर्धोक, हे मानणे आपण सोडले पाहिजे. अमेरिकेत २०२४ मध्ये रक्तदात्यांसाठी मलेरियाच्या न्यूक्लिक ॲसिड चाचणीला मान्यता मिळाली. आपल्याकडे निदान हिवतापग्रस्त जिल्ह्यांतून येणाऱ्या रक्तासाठी ती हवी, अशी मागणी आपणच लावून धरायला हवी.

तोवर भिस्त दात्याशी होणाऱ्या बोलण्यावर. रांग लांबली की प्रश्नावलीवर भराभर खुणा होतात. ‘मलेरिया झाला होता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर येते. ताप कधी आला होता, गोळ्या पूर्ण घेतल्या का, गेल्या काही महिन्यांत कुठल्या गावी राहून आलात, असे विचारा. मलेरियातून बरे होऊन तीन महिने झाले नसतील, तर दाता परत पाठवा.

वॉर्डातल्या सहकाऱ्यांनाही सांगा: रक्त दिल्यावर आठ-पंधरा दिवसांनी आलेला ताप, विशेषतः प्लीहा काढलेल्या मुलाचा, स्मिअरशिवाय सोडू नका. परजीवी सापडले तर हिमोव्हिजिलन्सकडे (रक्तसंक्रमणाच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेकडे) नोंद करा, त्याच दानातले इतर घटक शोधून थांबवा, आणि दात्याला बोलावून घ्या. त्यालाही उपचार हवे आहेत, आणि ते त्याला ठाऊक नाही.